गवताची झोळी

५ ऑगस्ट १९६३
सकाळपासून कॉलेजच्या मैदानावर. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, त्याला मागे कॅनव्हासची झोळी. गवत ओलं, तीनदा लगदा अडकला. इंजिन बंद करून काडीनं काढला. आत हात घालू नको, असं मशीन दुरुस्त करणाऱ्या अकोल्याच्या मिस्त्रीनं बजावलंय. मागे गवताची रेघ पडायला लागली की झोळी भरली समजायचं. किती वेळा रिकामी केली कोण जाणे. कंबर गेली.

९ ऑगस्ट
झोळीचं बूड फाटलं. बाभळीचा फाटा लागला, असं कॉलेजच्या साहेबांना सांगितलं. फाटा लागला हे खरं, पण ओली झोळी न वाळवता गुंडाळून ठेवायची सवय माझी. कापड कुजलं होतं. गवत मैदानभर. साहेब म्हणाले, बायका बोलवा, गोळा करतील.

१० ऑगस्ट
पाचजणी आल्या, त्यांत माझी मावशी. आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. मशीन यायच्या आधी याच पाचजणी विळ्यानं मैदान कापायच्या. मजुरी, वर घरच्या म्हशीसाठी डोईवर गवताचा भारा. मशीन आलं न् त्यांचं काम गेलं. मशीनवर बसलो मी. तेव्हा गल्लीत साखर वाटली ती मावशीनंच.
संध्याकाळी म्हणाली, "म्हशीनं आज पोटभर खाल्लं बापा." फार बरं वाटलं. मग त्याचीच धास्ती वाटली.

१७ ऑगस्ट
पाचजणी रोज येतात, साहेब रोज झोळीचं विचारतात. तसला कॅनव्हास अमरावतीत मिळत नाही म्हणालो. दोनच दुकानं पाहिली होती.

२१ ऑगस्ट
साहेबांनी अकोल्याला पाठवलं. बडनेऱ्याहून रेल्वे. मिस्त्रीनं जयभीम केला, पाच मिनिटांत तुकडा काढून दिला. "एवढ्यासाठी काहून आला? चिठ्ठी धाडली असती तं झालं असतं."
परत येऊन साहेबांना सांगितलं, मिस्त्री भेटला नाही. कापड घरी, गोधडीखाली. मी काय करून बसलोय हे...

२८ ऑगस्ट
साहेबांनी खोलीत बोलावलं. मला कायम करायचा कागद टेबलावर. "सोमवारी पाहणी आहे. मैदानावर काडी दिसता कामा नये. झोळी नसेल तर अकोल्याहून दुसरा माणूस मागवतो."
झोळी शिवली तर मावशी घरी बसणार, नाही शिवली तर मी.

३१ ऑगस्ट
मावशीनं गोधड्या उन्हात टाकायला काढल्या. कापड सापडलं.
"किती दिस झाले हे आणून?"
"दहा."
"आमच्यासाठी करून राहिला का हे?"
मी गोधडीची घडी घालत राहिलो.
"भारे वाहून तुले शिकवलं म्या. ते काय मले जनमभर भारेच वाहता यावे म्हणून?"
रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. दाभण अन् सुतळी मागितली.

१ सप्टेंबर
सकाळपासून मावशी ओट्यावर झोळी शिवतेय. टाका असा बारीक की मिस्त्रीनं पाहत राहावं. बाकीच्या चौघी पाण्याला जाताना थांबल्या. एकीनं विचारलं, "काय शिवतं व?"
"पोराच्या मशीनची झोळी."
कोणी पाण्याला गेलं नाही. वीतभर शिवण उरली तेव्हा मावशीनं दाभण माझ्या हातात दिला. "आता तू शिव. मले यायच्यासमोर नाही होत."
आत गेली.
दाभण मांडीवर ठेवून हे लिहितोय. वीतभर फटीतून कितीसं गवत पडेल? साहेबांना दिसेल? चौघी अजून उभ्याच आहेत.