उघाडीच्या फळ्या

५ मे, सोमवार

आज पुन्हा तीन मासे वर! पहाटे तळ्यावर गेले तर कडेला तोंडं वासून हवा घेत होते. उकाडाच असा आहे की माणसाला घरात बसवत नाही, मग त्या गरम पाण्यात जिताड्यांनी काय करावं? अर्धा तास बादलीने पाणी वरून ओतत उभी होते. गेले एकदाचे खाली. इकडे दूध उतू गेलं, सासऱ्यांचे ओले कपडे तसेच, आणि प्रांजली अंथरुणातूनच विचारतेय, मम्मी, पोहे की उपमा? म्हटलं, मलाच खा.

किहीमच्या विनेशचा फोन आला. अठरा तारखेच्या लग्नाचं जेवण त्याच्याकडे आहे. साठ जिताडे, दोन किलोच्या वरचे, सतराला सकाळी जाळं टाकायचं. मी हो म्हणून बसले. तळ्यात सत्तर तरी असतील असा माझा अंदाज. अंदाजच! म्हैस पाण्यात आणि मी मोल करतेय.

पण हे साठ नीट गेले तर विपुल ट्रेलर चालवणं सोडणार. आमचं ठरलंय. बारा वर्षं झाली लग्नाला, नवरा महिन्यातून सहा दिवस घरी. आता घरी राहील, दुसरं तळं खोदू. तेरा दिवस, तेवढे मासे जगू देत.

७ मे, बुधवार

बाबा — म्हणजे सासरे — आज जेवताना चिडले. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली आणि बोलणं सगळं एकात एक मिसळतं. मी भात पुढे केला, ते ओरडले. आमटी पुढे केली, आणखी ओरडले. शेवटी प्रांजली खेळ सोडून आली आणि म्हणाली, "त्यांना पंखा कमी करून हवाय." नऊ वर्षांची पोर! तिला त्यांचं अक्षर न् अक्षर कळतं. मला एक कळत नाही.

बरे होते तेव्हा मात्र मला त्यांचं सगळं कळायचं. मी मासे विकायचं काढलं तेव्हा स्पष्ट म्हणाले होते, "तल्यातला जिताडा पावन्याला वाढायचा असतो, सूनबाई. बाजार मांडायचा नसतो." वर्षभर तळ्याकडे फिरकले नाहीत. आता दिवसभर ओट्यावर खुर्चीत बसून त्याच तळ्याकडे बघतात. दुसरं करणार काय?

८ मे, गुरुवार

प्रांजलीला बांधावर पाहिलं. पुन्हा पाय ठेवलास तर तंगडं मोडीन म्हटलं. पाणी खोल, बांध निसरडा, त्यात हिला दमा. जरा धावली की छातीत घरघर. एक डोळा माशांवर, एक पोरीवर, आणि कान बाबांच्या खुर्चीकडे — देवाने मला आणखी दोन-चार डोळे द्यायला हवे होते.

९ मे, शुक्रवार

उघाडीची, म्हणजे बांधातल्या खाडीचं पाणी आत-बाहेर करायच्या तोंडाची, जाळी कुर्ल्यांनी फाडली. आता खाडी आणि तळं यांच्यामध्ये फक्त चार लाकडी फळ्या. नवी जाळी पोयनाडला मिळेल. उद्या जाते.

१० मे, शनिवार

जाळी राहिली. प्रांजलीचा दम्याचा पंप संपत आलाय, तोही आणायचा राहिला.

१३ मे, मंगळवार. अलिबाग, दवाखाना

वही घरी आहे. हे औषधांच्या बिलामागे लिहितेय, नंतर चिकटवीन. प्रांजली झोपलीय. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, श्वास आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले आणखी एक दिवस राहा.

काल सकाळी आठ मासे वर आले. आठ! पौर्णिमेचं उधाण होतं, ताजं पाणी घेतल्याशिवाय गत नव्हती. अकराला उघाडीच्या चारही फळ्या काढल्या आणि भरतीचं पाणी आत घेतलं. मासे निवांत झाले. साडेबाराला पाणी ठरणार, त्याआधी फळ्या परत टाकायच्या. जाळी नाही, म्हणजे ओहोटी लागली की पाण्याच्या ओढीने सगळे जिताडे खाडीत. हे मी स्वतःला दहा वेळा बजावलं होतं.

बाबांना ओट्यावर बसवलं. मागे डाळ शिजत होती, तेवढ्यात विनेशचा फोन. पाहुणे वाढलेत, मासे मोठे हवेत, बर्फाचं काय, टेम्पोचं काय. बाबा बाहेर नेहमीसारखे ओरडायला लागले. काही ऐकू येईना म्हणून मी मधलं दार लोटून घेतलं. किती वेळ बोलले कोण जाणे.

फोन ठेवला आणि प्रांजली आली. कमरेपर्यंत भिजलेली, हातपाय चिखलाने माखलेले, गुडघा सोललेला. ओठ निळे! श्वास आत जाईना. पंप दाबला तर नुसती फुस्स. मी तिच्यावर केवढ्याने ओरडले — कुठे उंडारत होतीस? तिला उत्तर द्यायलाही दम नव्हता. सदाची रिक्षा दारात होती म्हणून बरं. बाबांकडे बघायला शेजारच्या वेणूबाईंच्या सुनेला हाक मारली आणि निघालो.

पोयनाड सोडलं आणि मला फळ्या आठवल्या. सव्वा वाजून गेला होता. पोरीच्या गडबडीत साफ विसरले! वेणूबाईंना फोन लावला, त्या हळदीला गेलेल्या, उचलला नाही. सून नवीन, तिला उघाडी म्हणजे काय तेही ठाऊक नाही. सदा माझ्यापुढे रिक्षा चालवतोय. आणि बाबांना तर खुर्चीतून उठता येत नाही.

एक क्षण वाटलं, सदाला सांगावं, वळव. खरंच वाटलं. पोटची पोर मांडीवर घरघरतेय आणि मला मासे आठवतात! लाज वाटते लिहायला, पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

नाही सांगितलं. गेले असतील मासे. जाऊ देत.

१४ मे, बुधवार

घरी आलो. प्रांजलीला आत निजवलं आणि धावत उघाडीवर गेले. फळ्या टाकलेल्या आहेत! चारही!

कोणी टाकल्या? वेणूबाई म्हणाल्या, "मी न्हाय गो, मी तं हलदीला व्हते." त्यांची सून घाबरून रडायलाच लागली. बंदरावर विचारलं, तिथेही कोणी नाही. आणि तिसरी फळी उलटी बसवलीय. गावातला माणूस अशी चूक करणार नाही.

तळ्याचं पाणी वीतभर उतरलंय. म्हणजे ओहोटी लागल्यावर टाकल्या. तोवर किती गेले? की कोणी पागाचं जाळं टाकून मासे काढले आणि मग साळसूदपणे फळ्या लावल्या? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे बघतेय मी. वेणूबाईंच्या घरातून तळणाचा वास आला तर म्हटलं, जिताडा! बोंबील होते. इतकं मन कधी नासलं माझं?

बाबा सोमवारपासून धड जेवले नाहीत. प्रांजली दिसली की डोळ्यांतून पाणी. आज माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी तिला विचारलं, काय म्हणतात गं आजोबा? तिने भिंतीकडे तोंड केलं. "काय नाय."

१५ मे, गुरुवार

जिताड्यांना खायला बारकी मासळी टाकली. एकही वर आला नाही. तासभर बसले. पाणी ढिम्म हललं नाही.

विनेशचा फोन — ताई, माल आहे ना? म्हटलं, आहे. जीभ कशी उचलली कोण जाणे. जीव नुसता टांगणीला लागलाय.

१६ मे, शुक्रवार

विपुल आला. त्याला सगळं सांगितलं, फळ्यांचं, जाळीचं, उद्या जाळं रिकामं आलं तर विनेशला काय तोंड दाखवायचं तेही. तो म्हणाला, "पोर वाचली ना? मग झालं." त्याला म्हणणं सोपं आहे. सोमवारी परत ट्रेलरवर जाणार तोच ना, जाळं रिकामं आलं तर!

मग अंगणात जाऊन उगाच त्याचे कपडे धूत बसले.

१७ मे, शनिवार

चौसष्ट!!

सहा जणांनी जाळं ओढलं. आधी नुसता चिखल, शेवाळ, दोन खेकडे. मग मधोमध पाणी उकळल्यासारखं झालं आणि सगळे ओरडायलाच लागले. विपुल गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून हसत होता. चौसष्ट जिताडे, साठ विनेशच्या टेम्पोत गेले. तो खूश. पुढच्या वर्षीचंही आत्ताच बोलून गेला.

विपुलने माझ्यासमोर मालकाला फोन लावला. हा महिना भरतो म्हणाला, मग बास.

ज्याने कोणी फळ्या टाकल्या त्याचं भलं होवो. सापडला तर त्याला एक अख्खा जिताडा देईन. चारांतला सगळ्यात मोठा ठेवलाय, उद्या घरी करणार. बाबांच्या शब्दाप्रमाणे पाहुण्यासारखं पहिलं ताट त्यांना वाढायचं.

१८ मे, रविवार

बाबांना पहिलं ताट वाढलं. मधला तुकडा, काटे काढून. त्यांनी ते डाव्या हाताने ढकललं, प्रांजलीच्या पुढ्यात. मी रागावणार तेवढ्यात ती म्हणाली,

"मम्मी, आता ओरडणार नाय ना? फल्या मी टाकल्या. पानी भायेर जायला लागलेलं. आजोबा तुला किती हाका मारत होते, तू दार लावलंस. मग त्यांनी मला सांगितलं, आधी खालची टाक. तिसरी लय जड होती."

म्हणजे तिच्या दम्यामुळे मी फळ्या विसरले नाही. मी आधीच विसरले होते. त्या टाकून ती घरात आली तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता.

आणि मी विचारलं होतं, कुठे उंडारत होतीस.