गरुडाच्या पाठीवरची डबी

चि. प्राचीस,

आशीर्वाद द्यायला तोंड न्हाय, तरी देते.

फोनवर म्या तुला सांगितलं, "तुझा गरुड उत्तरंला गेला, म्या डोळ्यांनी बघितला." ते खोटं हाय. कुत्री कोंबड्या न्यायची, म्हणून म्या एका मेलेल्या कोंबडीत औषध घालून ती अंथुर्ण्याच्या माळावर टाकली. कुत्र्यांनी तिला तोंड लावलं न्हाय. तुझ्या गरुडानं लावलं. सकाळी पंख पसरून पडला व्हता. म्या त्याला पुरला, आन् त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून तू त्याच्या पाठीवर बांधलेली डबी गोवऱ्यांच्या ढिगात कोंबली.

आता माझ्या शब्दावर तू परमुलखात त्याचं घरटं धुंडतीस. "डबी बिघडली असंल, पण माझी आजी खोटं बोलत न्हाय," असं तुझ्या सायबाला म्हणालीस म्हणं. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी चव्हाट्यावर मांडणारी मी, ते ऐकून ताटावरनं उठले.

हे पत्र टाकायची छाती न्हाय. पण डबी उन्हावर चालती, हे तूच सांगितलं व्हतंस. आज ती पुसून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलीय. तिला खोटं बोलता येत न्हाय. ती तुला आपलं अंगण दाखवंल. मग घरटं धुंडू नगंस. हितं ये, आन् मला काय बोलायचं ते तोंडावर बोल.

तुझी आजी,
शकुबाई