बाबांच्या गाडीचे पांढरे दिवे

प्रिय दादा,

बाबांनी परवा गाडी चालवली. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं अक्षर पाहून तू काहीतरी वाईट बातमी असणार असंच धरून चालशील. वाईट काही नाही. घरी सगळे ठणठणीत आहेत. तू चार महिने माझा फोन उचलत नाहीस, आईचा उचलतोस आणि 'बरा आहे, जेवलो' एवढंच बोलून ठेवून देतोस. म्हणून हा कागद.

हिवाळ्याच्या तोंडावर तू आलास आणि बाबांच्या शाळेच्या व्हॅनला ते झेनॉनचे झगझगीत पांढरे दिवे बसवून गेलास, तेव्हा बाबा किती खूश होते! पहाटेच्या धुक्यात मुलांना घ्यायला निघताना आईला मुद्दाम दारात बोलवायचे आणि दिवे लावून दाखवायचे. आई म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय महिनाभर, तो कोण बसवणार?" मग एका सकाळी पेपरवाले काका दारात आले. गुडघा खरचटलेला, पेपरांचा गठ्ठा चिखलाने भरलेला. समोरून व्हॅन आली, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं आणि सायकल चरात गेली. "काय हो, तुमच्या बाबांनी बॉनेटवर सूर्य बसवलाय का?" एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि गेले. मोठ्या मनाचा माणूस. मी मात्र त्याच संध्याकाळी तुला फोन केला. काय बोलले ते तुलाही पाठ असेल आणि मलाही आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी ते दिवे खाली वळवायचं ठरवलं. तुझ्यासारख्या मेकॅनिकला हे सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं, पण तरी लिहिते. दिव्यामागची ती चकचकीत वाटी जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलेली असते. नव्या बल्बचा उजेड वेगळ्या जागेवरून निघतो, म्हणून अर्धा रस्त्यावर पडतो आणि अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत. आठवीच्या वर्गात हे मी आरसा घेऊन शिकवते. व्हॅन मागच्या भिंतीसमोर उभी केली. भिंतीवर काळी चिकटपट्टी आडवी लावली. बाबा ड्रायव्हरच्या जागेवर बसले, मी दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा आणि उजेडाची वरची कड पट्टीला लागली की बाबांनी सांगायचं, असं ठरलं. दोनदा त्यांनी "बस, बस" म्हटलं आणि दोन्ही वेळा उजेड हातभर वर. मला वाटलं, पट्टीच तिरकी लागली असेल. मी जाऊन ती उपटली आणि नीट लावायला भिंतीशी उभी राहिले, तेवढ्यात बाबा आतून ओरडले, "हां, आता अगदी पट्टीवर आलं बघ!"

दादा, पट्टी माझ्या हातात होती.

दिवे बंद करा म्हटलं. संध्याकाळी मात्र जेवताना विषय काढला आणि जे व्हायचं तेच झालं. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला गाडी शिकवतेस? वीस वर्षांत एका पोराला ओरखडा नाही आला माझ्या गाडीत." हे खरंच होतं. सोमवारी सव्वासहाला मी त्यांच्याआधी उठून व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. मला गाडी चालवता येत नाही, हे तुला माहीत आहेच. नुसती चाक धरून बसले. बाबा म्हणाले, "उतर." मी म्हटलं, चौदा मुलांच्या घरी तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते. बोलता बोलता कोपर लागून हॉर्न वाजला. खूप वेळ ते तसेच दार धरून उभे होते. मग आत गेले आणि त्यांनी जाड्याकाकांना, त्यांच्या त्या जुन्या ड्रायव्हर दोस्ताला, फोन लावला. त्या दिवसापासून व्हॅन जाड्याकाका चालवत होते. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, "तुझ्या मुलीला सांग, मीठ दे." आई म्हणायची, "मुलगी तुमची, मीठही तुमचं, मला मधे घेऊ नका."

तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जायला ते स्वतःच चपला घालून तयार होते. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई त्यांना माझ्या देखत ओरडल्या, "इतके दिवस होतात कुठे?" आणि हेही म्हणाल्या की असल्या डोळ्यांना जास्त उजेडाने फायदा होत नाही, उलट समोरून दिवा आला की सगळं फुटल्यासारखं पसरतं. बाबांच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले असताना माणूस बहुधा सोपं बोलतो. बाबा म्हणाले, "दादाला काही बोलू नकोस. त्यानं ओळखलं होतं. सिग्नलला मी उशिरा ब्रेक लावला, तेव्हाच म्हणाला, डॉक्टरकडे चला. मीच त्याला शपथ घातली. म्हटलं, डॉक्टर गाडी बंद करतील. हिची शाळेतली नोकरी पक्की होईस्तोवर मोठे दिवे लावून दे आणि गप्प बस."

बाकावरून उठून मी पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

दोन्ही शस्त्रक्रिया नीट झाल्या. दुसऱ्या डोळ्यावरचं झाकण निघालं त्या दिवशी बाबांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पिकले?" आई म्हणाली, "तुमची वाट बघता बघता." मग दोघंही हसत सुटले. मला बाहेर जावं लागलं. परवा डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. झेनॉनचे दिवे बाबांनी स्वतः काढले, जुने पिवळे बसवले आणि मुलं नसताना, जाड्याकाकांना शेजारी बसवून, गावाबाहेरपर्यंत जाऊन आले. येऊन हात धुतले आणि गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी घरात कुणी दुपारी घोरत होतं, आणि मी वह्या तपासायच्या सोडून ते ऐकत बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. 'दहावीत शाळा सोडलीस म्हणून असले उद्योग करतोस,' असं मी तुला त्या फोनवर म्हणाले. तू शाळा माझ्या शिक्षणासाठी सोडलीस हे मला ठाऊक असताना म्हणाले. हे दिवे त्या वाटीत चालत नाहीत हे तुला माझ्याआधी माहीत होतं, तरी तू सगळं ऐकून घेतलंस आणि शपथ पाळलीस. मला माफ कर. आणि आणखी एक, जे मी आईलाही सांगितलेलं नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एकदा बसथांब्यावर उभी होते. बाबांची रिकामी व्हॅन आली. मी हात केला. माझ्याकडे बघत बघत ते पुढे निघून गेले. मला तेव्हाच कळलं होतं, दादा. बाबांचं गाडी चालवणं बंद झालं असतं तर माझं ते वर्षही तिथेच थांबलं असतं, म्हणून मी बस पकडली आणि कुणाला काही बोलले नाही. तू त्यांच्या शब्दाखातर गप्प बसलास, मी माझ्या पदवीखातर. नशीब म्हण की पेपरवाल्या काकांच्या एका गुडघ्यावर निभावलं. काल हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिघंही एकाच माळेचे मणी. त्याला बोलाव." तर बोलावते आहे. रविवारी सकाळी दहाला फोन करीन. उचल. आधी मला मनसोक्त रागावून घे, मग बाबांकडे देते.

तुझीच,
धाकटी