किमचीचा फ्रीज

हारिनच्या आई,

टोरंटोत तुम्ही दोघी बऱ्या असाल.

आमच्या ऑफिसात सकाळी इंग्रजीचा वर्ग असतो. एखादी गोष्ट करायचा इरादाच नव्हता, हे 'गिव्ह अप', 'रन अवे' असली जोडक्रियापदं वापरून कसं सांगायचं, ते सध्या शिकवतात. मला वाक्य सुचेना, म्हणून रविवारी फोनवर हारिनला म्हटलं, एखादं उदाहरण दे. तुझ्या लेकीने क्षणभरही विचार केला नाही.

"मॉम वॉजन्ट गोइंग टू कम बॅक."

"म्हणजे आईचा परत यायचा विचारच नव्हता?"

"अप्पा, उदाहरण आहे ते. तुम्ही पण ना."

तेवढ्यात तिच्या मागे ऐकू येणारा नळ बंद झाला आणि फोन तुझ्या हातात आला. "शाळेत असंच काहीबाही शिकवतात," म्हणालीस. मी तर तुला काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून किमचीचा फ्रीज डोक्यात घोळतोय, आपलं वर्षभराचं कोबीचं लोणचं मुरायला ठेवायचो तो. हारिनच्या शाळेसाठी तिकडे जाताना तो माझ्या बहिणीकडे ठेवलास. "दोन वर्षांचा तर प्रश्न. एकट्याला एवढा कशाला?" तेव्हा पटलं होतं.

काल तिच्याकडे आम्ही हिवाळ्याची किमची घालायला जमलो होतो. कोबीच्या पानांना मिरचीचा मसाला चोळता चोळता मी सहज म्हटलं, "उन्हाळ्यात दोघी परत येतील, तेव्हा फ्रीज लागेल हं."

तिने मान वर केली नाही. "दादा, वहिनीने तो मला देऊनच टाकलाय. तुला बोलली नाही?"

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू उत्तर देशील.

हारिनचा अप्पा