लाल फडक्याचा पंप

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी धुतली. दीड तास गेला. दीपकचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं असं — ज्याला घाण दिसते त्यानं धुवावी. त्याला दिसत नाही. पण रोज सकाळी त्याच्या मागं बसून मीच इंदापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात जाते, आणि उसाच्या रस्त्याचा चिखल माझ्या साडीला लागतो, त्याच्या पँटला नाही. म्हणून मी धुते. तक्रार नाही. असली तरी इथं लिहून उपयोग नाही.

क्रम ठरलेला. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी, मग वरून पाणी, मग शाम्पूची पुडी, चाकाच्या तारांना जुना टूथब्रश, शेवटी साखळीला डिझेलचं फडकं. "गाडीला शाम्पू आन् मला साबण," हे दीपक दर रविवारी म्हणतो. आजही म्हणाला.

मडगार्डच्या आतला चिखल बादलीनं निघत नाही. म्हणून आज फवारणीचा पंप घेतला. घरात दोन आहेत — एक औषधाचा, एक तणनाशकाचा. तणनाशकाच्या पंपाच्या पट्ट्याला लाल फडकं बांधलेलं. आमच्या कळस गावात घरोघर तसंच असतं, शाळेतल्या पोरांनाही कळतं. औषधाचा पंप दीपकनं डाळिंबाकडं नेला होता. लाल फडक्याचा गोठ्यात होता. तळाला चार बोटं पाणी, फिनेलसारखा वास. म्हटलं, गाडीला कुठं पानं असतात. वरून पाणी भरलं आणि धार मारली. संपल्यावर अजून एकदा भरला.

फरशीवरचं पाणी नेहमीसारखं पाइपातून खाली द्वारकाकाकूंच्या मिरचीत गेलं. आमचं अंगण वर, त्यांचं रान खाली, मध्ये फक्त बांध. पाइप त्यांच्या मुलानं, लखननंच, गेल्या वर्षी बसवला — "वाया कशाला घालवता, मॅडम? मिरचीला सोडा की."

गाडी फार छान निघाली.

१० नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजच्या फाटकाशी शिपाई म्हणाला, "नवीन घेतली का?" दीपक म्हणाला, "व्हय." मी दिवसभर विचार करत होते की तिथल्या तिथं दुरुस्ती करायला हवी होती का.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी घरी आले तर द्वारकाकाकू बांधावर उभ्या. त्यांची मिरची बघवत नाही. पानं चिंचोळी झालीत, शेंडे पिळलेत, काही झाडं पार जमिनीकडं वळलीत. वरच्या पाच सऱ्या. खालच्या सगळ्या ठीक.

"तुमी पुस्तकांतल्या मानूस. सांगा, काय असंल?"

मी पाइपाच्या तोंडाकडं बघितलं. पाचही सऱ्या तिथूनच सुरू होतात. मग गोठ्यात जाऊन पंपाकडं बघितलं. मग परत बांधावर आले आणि म्हणाले, "व्हायरस असेल, काकू. पांढरी माशी आणते. पिवळे चिकट सापळे लावा."

यातलं एकही वाक्य तसं खोटं नाही. पांढरी माशी व्हायरस आणते. सापळे लावावेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लखन बारामतीहून वीस सापळे घेऊन आला. काठ्यांना लावून झाले. आज दुपारी ग्रंथालयात पीकसंरक्षणाचं पुस्तक काढून वाचलं. तणनाशकानं मिरचीचं काय होतं त्याचा फोटो पान १८४ वर आहे. हुबेहूब. पुस्तक जागेवर ठेवलं. मग वाटलं, काकूंना दाखवायला घरी न्यावं. मग ठेवलं ते ठेवलंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कारण सापडलं — काकूंच्या मते. कारण म्हणजे प्रगती, लखनची बायको.

प्रगती बावड्याची. लग्नाला दोन वर्षं झाली. बारावी झालेली, मी तिला ग्रंथालयातून पुस्तकं आणून देते. आज परत द्यायला आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सोमवारी ती बाजूला बसलेली होती. पाळीचा दुसरा दिवस. त्या दिवसांत बाईनं मिरचीत, भाजीपाल्यात जायचं नाही, पीक वाकडं होतं — हे काकूंच्या घरात पक्कं. आणि सोमवारी वासरू सुटून मिरचीत शिरलं, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ही आत गेली. वरच्याच पाच सऱ्यांमध्ये.

"वासरानं शेंडे खाल्ले त्याचं काय न्हाय, मॅडम. मी नुसती मागं गेले तर झाडं पिळली." हसत म्हणाली. पुस्तक माझ्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. सवय लागली असावी. चार दिवस कधीच संपलेत.

"व्हायरस आहे ना तो?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "वेगळं पुस्तक आणते पुढच्या वेळी."

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी बादलीनं धुतली. मडगार्डच्या आत चिखल राहिला. पाइपाच्या तोंडात फडकं कोंबलं आणि पाणी दुसऱ्या बाजूला काढून दिलं. म्हणजे हात सगळं कबूल करतायत, तोंड नाही.

दीपकला सांगितलं.

"लाल फडकं दिसलं न्हाय?"

"दिसलं."

"मग?"

"गाडीला पानं नसतात म्हटलं."

"ती खरी गोष्ट हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "गप बसायचं. मिरचीला असं दरसाल कायतरी होतं. चार दिवसांनी इसरतील."

मी म्हणाले, मिरची विसरतील, प्रगतीला नाही. गेल्या वर्षी काकडी गेली तेव्हाही तिचंच नाव घेतलं होतं. तो म्हणाला, काकडी तू धुतली नव्हतीस. हे मला सांत्वन म्हणून होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजही सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लखन संध्याकाळी डिझेल मागायला आला. जाता जाता दीपकला म्हणाला, "रविवारी सासरा येतोय. ह्याला न्यायला." 'ह्याला' म्हणजे प्रगतीला, बायकोचा विषय काढताना तो असाच बोलतो. किती दिवसांसाठी? "आई म्हनती, पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं बघू म्हणून माहेरी पाठवलेल्या दोन बायका मला या गावात माहीत आहेत. दोघी अजून माहेरीच आहेत.

दीपकनं डिझेल दिलं. लखन गेल्यावर तो मला म्हणाला, "सांग." एवढंच.

इतके दिवस का सांगितलं नाही हे स्वतःलाच विचारलं. काकूंची भीती? थोडी. पण खरं कारण हे की या गावात माझी ओळख एकच आहे — मॅडम चुकत नाहीत. फॉर्म भरायचा, अर्ज लिहायचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं, सगळं माझ्याकडं येतं. ती ओळख मला आवडते. ती एका सुनेपेक्षा जास्त आवडते का, हे लिहून बघितलं. अकरा दिवस झाले, म्हणजे उत्तर आलेलंच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

काकू ओसरीवर मिरच्यांची देठं काढत होत्या, लखन मोबाइल बघत होता, प्रगती दारात. मी उभ्याउभ्या सगळं बोलले. गाडी, पंप, लाल फडकं, चार बोटं पाणी, पाइप. पान १८४ सुद्धा.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लय चांगल्या हाव तुमी, मॅडम."

मला कळेना.

"सुनंवर आळ आला म्हनून सोताच्या अंगावर घ्यायला आलाव. असं कोन करतंय आजकाल? पोरी, बघ. आन् शीक."

"काकू, मी खरंच—"

"आवो, तुमी आन् लाल फडक्याचा पंप घेनार? तुमी? औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षार वाचून दाखवनारं मानूस तुमी."

लखन म्हणाला, "तसं बगितलं तर मॅडमनी व्हायरस हाय म्हनून सांगितलं व्हतं. आता पंप म्हनत्यात." हे बरोबर होतं.

मी म्हणाले, पाच सऱ्यांची रोपं वरकुट्याच्या नर्सरीतून आम्ही आणून देतो. काकू म्हणाल्या, "रोपं द्या. त्याला न्हाय म्हनत न्हाय." रोपं मान्य, कारण अमान्य.

प्रगती सगळा वेळ दाराच्या चौकटीला टेकून होती. मी निघाले तेव्हा बांधापर्यंत आली. "मॅडम, खरंच तुमी?" मी हो म्हणाले. तिनं मान हलवली. "बाराव्या दिवशी सांगितलं तुमी." मोजलं होतं तिनं. मीही मोजलं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खोटं बोलले तेव्हा लगेच पटलं. खरं बोलले तर कौतुक झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रगतीचे वडील आप्पासाहेब सकाळी दहाला आले. पांढरी टोपी, गुडघ्यावर हात, पोरीच्या घरी आल्यासारखे नाही, कचेरीत आल्यासारखे बसलेले. त्यांच्या समोर चहा, दाराशी प्रगतीची पिशवी.

मी लाल फडक्याचा पंप पाठीवर घेऊन गेले. आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली.

मी म्हणाले, काकू, मला एक झाड द्या. चांगलं. माझ्या पंपात त्या दिवशी होतं तसंच आज आहे, दीपकनं मापानं बनवलं, मी त्यातलं चार बोटंच ठेवलं आणि वर पाणी भरलं. झाड वाकलं तर दोष माझा. नाही वाकलं तर मी परत या विषयावर तोंड उघडणार नाही.

काकूंनी आधी वरच्या सरीतलं, आधीच पिळलेलं झाड दाखवलं. मी म्हणाले, हे नको. मग खाली, पार कडेच्या सरीत गेलो. सगळे. आप्पासाहेबसुद्धा, चप्पल हातात घेऊन.

"एकच देईन," काकू म्हणाल्या. "आन् तुमीच मारा. लखन न्हाय, दीपक न्हाय. तुमी म्हनताय तर तुमच्याच हातानं हुंद्या."

झाड मांडीएवढं उंच होतं, फुलं आलेली, सहा-सात मिरच्या लागलेल्या. आजूबाजूला गोणपाट धरलं आणि मी मारलं.

"कदी कळंल?" आप्पासाहेबांनी विचारलं. मी म्हणाले, चार-पाच दिवस. त्यांनी लेकीकडं बघितलं, मग विहीणबाईंकडं. "मग आज न्हाय नेत. शुक्रवारी फोन करा. न्यायची आसंल तर येतो, न्हायतर न्हाय." आप्पासाहेबांनी पिशवी स्वतः उचलून घरात ठेवली.

आज गाडी धुतली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. झाड कालच्यापेक्षा टवटवीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेंडा किंचित कलला. वाऱ्यानंही कलतो. दीपक बॅटरी घेऊन आला, वाकून बघितलं, म्हणाला, "तुझ्यासारखं झालंय. ठरंना."

२६ नोव्हेंबर, बुधवार

वाकलं. शेंड्याला पीळ, कोवळी पानं दोरीसारखी. कॉलेजला जाण्याआधी बघितलं आणि इतका आनंद झाला की तिथंच बांधावर बसले. फुलं आलेलं झाड गेलं म्हणून आनंद. कुणाला सांगण्यासारखा नाही.

मडगार्डच्या चिखलावर साडी घासली. काही वाटलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काकू झाडाजवळ बराच वेळ होत्या. मी अंगणातून बघत होते. त्यांनी पान बोटांत धरून उलगडून पाहिलं. वर जाऊन पाच सऱ्यांतलं एक पान तोडून आणलं, दोन्ही शेजारी धरली. पुस्तकातला फोटो दाखवून जे झालं नसतं ते त्या स्वतः करत होत्या. मग पाइपापर्यंत चालत आल्या, वाकून आत बघितलं. मी कोंबलेलं फडकं त्यांनी ओढून काढलं, बघितलं, परत कोंबलं.

प्रगती गोठ्यात शेण काढत होती. तिला काही म्हणाल्या नाहीत. मला हात वर करून म्हणाल्या, "उद्या येते."

दीपकनं रोपांचे ट्रे आणून ठेवलेत. पाणी मारलं. साध्या झारीनं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काकू सातलाच आल्या. दीपक गाडी काढत होता. तो बाहेर रस्त्यावर जाईपर्यंत थांबल्या.

"झाड वाकलं. मी बगितलं. पानाला पान लावून बगितलं." मग जवळ आल्या, आवाज खाली आणला. "पन येक इचारते, राग मानू नका. रविवारी पंप मारला तवा तुमी बाजूला बसलेल्या न्हवता न्हवं?"

"नव्हते," मी म्हणाले.

"मग खरं हाय तुमचं. आप्पासाहेबास्नी नगं या म्हनून सांगते."

कॉलेजला निघालो तेव्हा प्रगती पाटी घेऊन मिरचीत शिरली होती.

रविवारी माझा दुसरा दिवस होता.