दोन ठोके म्हणजे ठीक

६ मे १९९६, सोमवार

अखेर नोकरी लागली, आणि तीही माझ्याच विषयाची. बारामतीहून सकाळची एसटी, इंदापूरला उतरून पुढे वडापची जीप, आणि उजनीच्या पाण्याकाठी विजयसिंहरावांची बोटी दुरुस्त करायची शेड. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यामुळे ट्रॅक्टर पलीकडे नेणारी त्यांची मोठी लोखंडी बोट कोरड्या चिखलावर बसली आहे. डेकखाली सहा बंद कप्पे. प्रत्येकाला माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड, वर नटबोल्टचं झाकण. आत शिरून गंजलेले पत्रे कापायचे आणि नवे वेल्ड करायचे. हे करताना कुणी मरू नये, हे बघणं माझं काम. आईने दिलेल्या गुळाच्या पोळ्या निम्म्या तर जोतीराम वेल्डरनेच संपवल्या आणि माझं ‘सेफ्टीबाई’ असं बारसंही करून टाकलं. सुरुवात तर गोड झाली.

७ मे

मला का घेतलं ते आज कळलं. गेल्या मे महिन्यात अप्पा नावाचा वेल्डर पाचव्या कप्प्यात गुदमरून गेला. आग नाही, स्फोट नाही. बंद कप्प्यात गंज चढतो तसा हवेतला प्राणवायू संपतो, हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. तोंडाशी राखण करत होता त्याचाच थोरला भाऊ कुंडलिक. तो आजही तिथेच बसतो, देवळात बसावं तशी चप्पल बाजूला काढून. मला म्हणाला, “हाक मारली असती तर उडी टाकली असती बाई. पर आवाजच न्हाय आला.” तशी उडी टाकणारेच जास्त मरतात, हे मी समजावलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

मग मी सगळ्यांना खूण शिकवली. वरच्याने दर पाच मिनिटांनी हातोडीने दोन ठोके द्यायचे, आतल्याने दोन परत द्यायचे. दोन म्हणजे ठीक. आतून तीन आले तर ‘मला बाहेर काढा’. आणि काहीही झालं तरी वरच्याने आत उतरायचं नाही, कमरेला बांधलेल्या दोराने ओढायचं.

९ मे

आज डोकं फिरलं माझं. जोतीराम दुसऱ्या कप्प्यात ऑक्सिजनची नळी नुसतीच सोडून बसला होता. का, तर “गार वाटतंय”. अशा हवेत एक ठिणगी पडली तर सदरा कापरासारखा पेटेल म्हटलं. त्यावर म्हणे, दवाखान्यात लोक पैसे मोजून घेत्यात. ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर मागून तीन दिवस झाले. विजयसिंहराव सोमवारी आणतो म्हणतात, कुठल्या सोमवारी ते सांगत नाहीत. त्यांना कागदावर माझी सही हवी आहे, मी नको आहे.

१४ मे

ब्लोअर आला, तर आता वीज दिवसातून चारदा जाते. वीज गेली की सगळ्यांनी वर यायचं, हे मी रोज घसा फोडून सांगते आणि जोतीराम रोज “एवढा टाका मारून येतो” म्हणतो. खूण पाळतो तो एकटा कुंडलिक. मन लावून पाळतो.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याने मला बाजूला बोलावलं. पाचव्यातून दोन आले म्हणाला. पाचव्याचं झाकण वर्षभर उघडलेलंच नाही. उन्हाने लोखंड तडतडतं, असं मी सांगितलं आणि वर त्याच्यावर चिडलेही. बाकी सगळे समोर भाकरी खात होते. मी मोजले.

१५ मे

मी स्वतः पाचव्यावर ठोकून पाहिलं. दोन ठोकले, दोन आले. पडसाद असेल. म्हणून एकच ठोकला. दोन आले. चार ठोकले. दोनच आले.

पडसाद असा मोजून येत नाही.

१७ मे

पाचवा बंदच ठेवा म्हणून विजयसिंहरावांना विनवलं. बोट जूनच्या आत पाण्यात हवी, म्हणाले. खरं कारण काय सांगणार? ठोके ऐकू येतात असं मी सांगितलं तर उद्याच मला कायमचं एसटीत बसवतील. सही करणार नाही म्हटलं. सही करणारे बारामतीत ढिगाने मिळतील म्हणाले. इतकी चीड आली की घरी येऊन जेवलेच नाही.

संध्याकाळी निघताना कुंडलिक हळूच म्हणाला, “तवा त्याला खूण म्हाईत नव्हती बाई, म्हणून गप गेला. आता तुमी शिकवली.”

१८ मे

झाकण उघडलं. दिवसभर ब्लोअर लावला, मग दिवा आत सोडून वरूनच पाहिलं. आत कोणी नाही. फक्त भिंतीवरचा गंज जागोजागी उडालाय, ठोक्याएवढे चकचकीत डाग. दोनदोनच्या जोड्या. शेवटी तीन, ओळीने.

कुणालाच सांगितलं नाही.

२० मे

वीज गेली. सगळे वर आले. मोजले. मग पाचव्यातून तीन.

कुंडलिक झेपावला. मी आणि जोतीरामने धरून ओढला. अप्पाची शपथ घातली त्याला — पाचव्यातून काहीही आलं तरी उतरायचं नाही, डोकावायचंही नाही, सरळ झाकण ओढायचं. लहान पोरासारखा रडला. शब्द दिला.

२१ मे

सकाळपासून वीज नाही, ब्लोअर बंद. जोतीराम आणि बाकीचे घरी गेले. उद्या पाचव्यात कापायला घेणार आहेत, सही असो नसो. तहसीलला तक्रार देते म्हणून कुंडलिकला सांगून निघाले. जीप मिळाली नाही. परत आले.

पाचव्याच्या तोंडाशी कुंडलिकची चप्पल. कुंडलिक नाही. झाकण उघडं. हाका मारल्या.

दोन ठोकले. तीन आले.

उतरला म्हणजे. दोर इथेच पडलाय. मदतीला कोणी नाही. नियम माझाच — पण त्याला असं सोडून — उतरते

आत. कोणी नाही इथे. पाय उचलत नाहीत. शिडी समोर आहे. आवाज फुटत नाही.

वर बादली वाजली. कुंडलिक. पाणी आणायला गेला होता, अनवाणी. मी मूर्ख —

हातातल्या पान्ह्याने मी तीन ठोकले. पुन्हा तीन.

रडतोय वर. अप्पा, न्हाय येत मी, म्हणतोय. बाईंला शब्द दिलाय —

मी आहे रे

उजेड अर्धा. झाकण ओढतोय. थांबला. दोन दिले त्याने. विचारतोय.

हात उचलत नाही — तीन द्यायचे — तीन —

माझ्या मागून कोणीतरी दोन