व्याह्यांची अट आणि माझं क्लारनेट

मु. रिठद
वैशाख शुद्ध अष्टमी, सन १९५४

मित्रा किसनसिंग,

जानरावचा रामराम घे, वहिनींना नमस्कार सांग आणि उजवा गुडघा कसा आहे ते कळव (डाव्याची चौकशी करत नाही, तो पलटणीतच कामातून गेला होता). इकडे खुशाली आहे. म्हणजे बैल बरे आहेत, चतुराबाई माझ्याशी बोलते आहे आणि घरी एक पाहुणे आले आहेत. त्यांच्याचमुळे हे पत्र वावरात, बाभळीखाली बसून लिहावं लागतं आहे.

पलटणीचा बँड सुटला तेव्हा मोडीत निघालेलं क्लारनेट मी विकत घेतलं, ते तुला आठवत असेल. तू मोठा ढोल तिथंच सोडून शहाण्यासारखा कामठीला राहिलास. मी ते लाकूड इकडे आणलं आणि सात-आठ वर्षं वावरात जवारी राखायच्या माळ्यावर बसून वाजवलं. खालच्या नळीला चीर गेली, तर मेण लावून वर लाल दोरा गुंडाळला. गावानं मला कधी वाईट म्हटलं नाही, चांगलंही म्हटलं नाही. लोक एवढंच म्हणत, जानरावाले लढाईत काहीतरी लागलं असंन.

यंदा पोरीचं, प्रयागचं, जमलं. इंझोरीचे रामराव, घर मोठं, विहीर पाण्याची, पोरगा निर्व्यसनी. बैठकीत सगळं पसंत पडलं, सुपारी फुटायचीच बाकी होती. तेवढ्यात रामरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी पिपानी वाजवता म्हनून ऐकलं. लग्नाच्या आदी ते इकून टाका. आमचा व्याही वाजंत्री हाय, असं कोनी म्हनू नये." मी क्लारनेट आणि पिपाणी यांतला फरक सांगायला तोंड उघडलं होतं, पण चतुराबाईनं दाराआडून बांगड्या वाजवल्या, म्हणून मिटलं. पाहुणे गेल्यावर मी प्रयागला विचारलं. वाटलं होतं, पोरगी रडेल, नको म्हणेल (लहानपणी माझ्या मांडीवर बसून तिनं त्या चाव्या दाबल्या होत्या). ती जवारी पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "घर चांगलं हाय बाबा. इकून टाका." इतकंच. पलटणीत डिस्चार्जाचा कागदसुद्धा याहून जास्त शब्दांत मिळाला होता.

मग गिऱ्हाईक शोधायला निघालो. जऊळक्याला मदनसिंगाची बँडपार्टी आहे. त्यानं क्लारनेट नाकाजवळ नेलं, ठोकून पाहिलं आणि वाजवलं काहीच नाही. त्याचं म्हणणं असं, की काळा जिन्नस वरातीत बत्तीखाली दिसत नाही, घेतो, पण आधी त्याला सोनेरी रंग मारून आणा, आतून-बाहेरून. आतून कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, काम करायचं तर पक्कं करावं. मी पहिल्याच गाडीनं माघारी आलो.

दुसरं गिऱ्हाईक रिसोडकडचे एक बडे शेतकरी. त्यांच्या भुईमुगात रानडुकरं शिरत. डबे वाजवून झाले, फटाके झाले, आता हे इंग्रजी भोंगं पाहू म्हणाले. दिवस मावळायला मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहून आपलं कवायतीचं मार्च वाजवलं, तेच, जे साहेबांना फार आवडायचं. डुकरं आली, आणि किसनसिंग, खोटं सांगत नाही, थांबली. कान टवकारून सगळी ओळीनं उभी राहिली आणि मार्च संपेपर्यंत एकानंही शेंग उकरली नाही. सबंध वऱ्हाडात माझं वाजवणं पहिल्यांदाच कुणी नीट ऐकून घेतलं, आणि नेमक्या त्याच कारणानं सौदा मोडला.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा बैलबाजारातला दलाल जगदेव घरी आला. घरंदाज पार्टी आहे, नाव विचारायचं नाही, म्हणाला, आणि मी सांगितलेली किंमत घासाघीस न करता ठेवली. घासाघीस न करणारा माणूस वऱ्हाडात एक तर वेडा असतो, नाही तर चोर. पण मला मुदत होती. क्लारनेट पेटीसकट दिलं. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मी रडलो. लोक म्हणाले, बापाचं काळीज. निम्मं खरं होतं.

आता आखाजीला प्रयाग माहेरी आली. जेवताना मधेच तिला हसू फुटलं आणि ठसका लागला. मग जे सांगितलं ते असं: तिचे सासरे रोज पहाटे गोठ्याची कडी आतून लावतात आणि आतून अडलेल्या म्हशीसारखा आवाज येतो. खऱ्या म्हशीनं दूध अर्ध्यावर आणलं आहे. सासूबाईंनी अंगारा आणला, शेजाऱ्यांनी ढोरांच्या डॉक्टरला निरोप धाडला. एके दिवशी वैरण टाकायला म्हणून प्रयाग आधीच आत होती. रामराव आले, पोत्याखालून काढलं, आणि तिनं लाल दोरा ओळखला. पदर पुढं ओढून ती कडब्यामागून म्हणाली, "मामाजी, तोंडाकडची पत्ती उलटी लागली."

रामराव कडब्यावर खालीच बसले म्हणे. सुनेला एवढंच म्हणाले, की लहान असताना यात्रेत पावा घेतला होता, तो बापानं पाठीवर मोडला.

पोरीला न्यायला गडी यायचा, तर परवा ते स्वतः आले, काखेत घोंगडीची वळकटी. चहा झाला, पावसाचं झालं, पऱ्हाटीचं झालं. चतुराबाई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, शिकवा. तुमी माळ्यावर सगळ्यांदेखत वाजवता, हे मले सहन होत नव्हतं." यावर रागवायचं की काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिकवतो आहे. आतासुद्धा ते विहिरीपलीकडे सूर लावून राह्यले आहेत आणि माझी बैलजोडी दावं तोडायच्या बेतात आहे. दम चांगला आहे, कान बेताचा, लाज मात्र हळूहळू कमी होते आहे. उद्या ते प्रयागला घेऊन परत जातील. माझी काही तक्रार नाही, पोरगी सुखात आहे, आणि वाजवण्याची हौस आता माझीही उतरली आहे.

तुझा,
जानराव

ता. क. हौस उतरली नाही. दोन दिवस झाले, शिष्य क्लारनेट गुरूच्या हातात देत नाही, म्हणतो, तुमी तोंडानं सांगा. कामठीत एखादा म्हातारा बँडवाला जुनं क्लारनेट विकत असेल तर पाहा, सोनेरी नको. पार्सल जऊळका स्टेशनावर 'शेतीचं अवजार' म्हणून टाक. चतुराबाईला कळू नये.

ता. क. दुसरा. किसनसिंग काका, मी प्रयाग. पत्र टपालात टाकाले बाबानं माह्याच जवळ देल्लं, म्हनून वाचलं. आईले सगळं मालूम हाय, ती म्हनते, पार्सल तिच्याच नावानं धाडा, म्हन्जे लवकर सुटते. अन् काका, एक नाई, दोन धाडा, एक माह्यासाठी. बाबा बाजाराले गेले का घरी कोन वाजवे, हे त्याईनं कधी इचारलंच नाई.